जर्मन पट्ट्यांतील प्रकाशमाग आणि मराठा पलटणी

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, पश्चिमेस धारावीचा डोंगर व पूर्वेस घोडबंदरचा किल्ला, या दोहोंच्या मधल्या टापूंत आज मीरा-भाईंदर शहर पसरलें आहे. इ. स. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत या दोन्ही जागांसाठीं मराठे व फिरंगी झुंजले, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. या टापूंतील संग्राहक एकत्र जमले म्हणजे मोहिमेचे कागद, तोफेचे गोळे, शिशाच्या गोळ्या यांचीच चर्चा बहुधा चालते. परंतु अलीकडच्या एका बैठकींत विषय निराळ्याच वाटेनें गेला. बाणांच्या वापराबद्दल बोलणें चाललें असतां एका सभासदानें विचारलें कीं, दुसऱ्या महायुद्धांत इटलींत लढलेल्या आमच्या मराठा शिपायांवर जर्मन मशीनगनांतून ज्या गोळ्या येत, त्या अंधारांत लाल रेषांप्रमाणें दिसत असें सर्वत्र सांगतात; तर दिसणारी गोळी त्यांस चुकवितां कां येत नसे?

प्रश्न वरवर भाबडा वाटतो. परंतु त्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे, व त्या गृहीतावर आमच्या दोन वीरांच्या कथा सध्यां सांगितल्या जात आहेत. चित्रपटांत जर्मन मशीनगन धडधडूं लागली कीं तिच्या तोंडांतून झगझगीत रेषांचा पाऊस पडतो आणि वीर त्या रेषांमधून वाट काढीत धांवतो. तें चित्र खरें असेल तर वीराचें काम निराळें ठरतें; खोटें असेल तर फारच निराळें. म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तु कोणती तें पाहूं. बाण आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. लोखंडी नळींत दारू ठासून ती बांबूस बांधावयाची व बत्ती द्यावयाची. दारू जळत असतां बाण पुढें जातो आणि मागें अग्नीची शेपटी सोडतो. येथें अग्नि हेंच बाणाचें बळ असून त्याचें दिसणें हा केवळ त्या बळाचा परिणाम होय. ट्रेसर गोळीची गोष्ट उलट आहे. ती बंदुकीच्या दारूच्या जोरानें इतर गोळ्यांप्रमाणेंच सुटते; तिच्या बुडाशीं मात्र एक पोकळी असते व तींत मॅग्नेशियमची पूड आणि रंग देणारा क्षार दाबून भरलेला असतो. स्ट्राँशियमच्या क्षारानें लाल ज्योत मिळते, बेरियमच्या क्षारानें हिरवी. नळींतील दारूच्या ज्वाळेनें हें मिश्रण पेटतें व गोळी जात असतां जळत राहतें. त्या जळण्यानें गोळीस गति मिळत नाहीं. तें केवळ दाखविण्याकरितां आहे. जर्मनांनीं या गोळीस लॉइश्टश्पूर असें नांव दिलें होतें. लॉइश्ट म्हणजे प्रकाश आणि श्पूर म्हणजे माग; म्हणून आम्हीं या लेखाच्या मथळ्यांत ‘प्रकाशमाग’ हा शब्द योजिला आहे.

दाखवावयाचें कोणास? नेमबाजास, शत्रूस नव्हे. पहिल्या महायुद्धांत विमानें एकमेकांशीं लढूं लागलीं तेव्हां ही गरज तीव्रतेनें भासली. जमिनीवर गोळी चुकली तर धूळ उडते व नेमबाज नेम सुधारतो. आकाशांत धूळ उडत नाहीं. तेथें गोळी कोणत्या बाजूनें गेली हें कळण्यास गोळीनेंच आपला माग दाखविला पाहिजे. हा मूळ हेतु ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील सर्व प्रघात उलगडतात.

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पायदळाच्या मशीनगना मुख्यतः दोन: एम्.जी. ३४ आणि १९४२ पासूनची एम्.जी. ४२. दोहोंस ७.९२ मिलिमीटर व्यासाचें एकच काडतूस लागे. पहिली मिनिटास आठशें ते नऊशें गोळ्या टाकी. दुसरी सुमारें बाराशें, कधीं त्याहूनहि अधिक. काडतुसें पोलादी कड्यांच्या पट्ट्यांत बसवीत. पट्ट्याचा एक तुकडा पन्नास काडतुसांचा. असे पांच तुकडे जोडून अडीचशेंचा पट्टा पेटींत घडी घालून ठेवीत. गोळ्या सुटल्या तरी पट्ट्याच्या कड्या सुट्या होत नसत, त्यामुळें रिकामा पट्टा पुन्हां भरतां येई. तो भरण्याचें एक लहानसें हातयंत्र तोफखान्यांतून मिळे. तें नसल्यास शिपाई हातानें भरीत.

आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही हातानें भरण्याचीच आहे. कोणत्या क्रमानें काडतुसें बसवावयाचीं हें कारखान्यांत कायमचें ठरून येत नसे. बंदूक कोणत्या कामास लावावयाची त्यावर तें अवलंबून असे. विमानांवर मारा करावयाचा असेल, बंदूक उंच तिपाईवर किंवा जोडबंदुकांच्या फिरत्या बैठकीवर बसविलेली असेल, तर पट्ट्यांत पोलादी गाभ्याच्या गोळ्या व ट्रेसर गोळ्या मिसळून भरीत, कारण आकाशांतील नेमाला मागाचा आधार हवा. तीच बंदूक पायदळाबरोबर खंदकांत किंवा बांधाच्या पोटांत दडवून ठेवली कीं ट्रेसरचा उपयोग उलटतो. जो माग नेमबाजास गोळी कोठें गेली तें दाखवितो, तोच माग समोरच्यास गोळी कोठून आली तें दाखवितो. जर्मन शिपायानें आपली बंदूक लपविण्याची केवढी खबरदारी घ्यावी! नळीच्या तोंडाशीं ज्वाळा झांकणारी टोपण, मागच्या उतारावर खणलेला खड्डा, दोन-तीन पर्यायी जागा. आणि एवढें करून पट्ट्यांत दर पांचवी गोळी दिवा लावून पाठवावी, हें सुसंगत नाहीं. म्हणूनच जमिनीवरील कामास जर्मन पट्टे बहुतांशीं साध्या गोळ्यांचे असत, व ट्रेसर हा विशेष प्रसंगाचा माल समजला जाई. अमेरिकन सेनेंत चार गोळ्यांमागें एक ट्रेसर हा प्रघात रूढ होता; चित्रपट बहुशः अमेरिकन, म्हणून तो प्रघात जर्मनांच्या माथीं आला असावा, असें आम्हांस वाटतें.

जमिनीवर ट्रेसर मुळींच वापरीत नसत, असें मात्र कोणी समजूं नये. रात्रीं एखाद्या दिशेची खूण करावयाची, एखाद्या लक्ष्याकडे इतर बंदुकांचें ध्यान वेधावयाचें, दूरच्या माऱ्याचा पल्ला ताडून पाहावयाचा, अशा कामीं तो येई. मित्रसैन्यांच्या युद्धकालीन सूचनापत्रांत जर्मनांची एक युक्तिहि नमूद आहे. एक बंदूक मुद्दाम उंचावरून ट्रेसर सोडी. रेषा डोक्यावरून जात आहेत असें पाहून शिपाई त्यांच्या खालून पुढें सरे. आणि दुसरी बंदूक, जिच्या पट्ट्यांत एकहि ट्रेसर नाहीं, जमिनीलगत मारा करून त्यास आडवा करी. म्हणजे प्रकाश दिसत होता तेथें धोका नव्हता व धोका होता तेथें प्रकाश नव्हता! सभासदाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें.

उरलेलें अर्धें उत्तर गणिताचें आहे. एम्.जी. ४२ मिनिटास बाराशें, म्हणजे सेकंदास वीस गोळ्या टाकी. पट्ट्यांत दर पांचवी गोळी ट्रेसर आहे असें क्षणभर धरलें तरी सेकंदास चार दिसणार व सोळा न दिसतां जाणार. शिवाय नळींतून सुटतांना गोळीचा वेग सेकंदास साडेसातशें मीटरांच्या आसपास असतो; शंभर मीटरांवरील माणसास ती सेकंदाच्या सातव्या हिश्शांत गांठते, आवाजाच्याहि आधीं. आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, रेषा दिसते ती बाजूनें पाहणाऱ्यास. ज्याच्यावर गोळी येत आहे त्यास रेषा दिसत नाहीं, एक ठिपका दिसतो. तो आरंभीं संथ भासतो आणि मग एकाएकीं अंगावर येतो. लाल रेषांचीं वर्णनें आपण वाचतों, तीं बहुधा बाजूस किंवा मागें असलेल्यांचीं होत.

ट्रेसरच्या साक्षीवर नेमबाजानेंहि पुरता विश्वास ठेवावा अशी स्थिति नव्हती. जर्मनांची साधी जड गोळी १२.८ ग्रॅमची, ट्रेसर गोळी सुमारें दहा ग्रॅमची, आणि मिश्रण जळत जाई तसतशी आणखी हलकी होणारी. म्हणून लांब पल्ल्यावर दोघींचे मार्ग वेगळे पडत. शिवाय सुमारें हजार मीटरांच्या आंतच तिचा दिवा विझे. विमानांतील रात्रीच्या कामासाठीं जर्मनांनीं ग्लिमश्पूर नांवाची मंद प्रकाशाची जात काढली, कारण प्रखर ट्रेसरनें स्वतः नेमबाजाचेच डोळे दिपत.

आतां इटलीकडे वळूं. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तेथें हिंदी डिव्हिजनांतून लढल्या. तिसरी पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्यें व पहिली आठव्या डिव्हिजनमध्यें होती. तिसऱ्या पलटणींतील नाईक यशवंत घाडगे हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील, माणगांव तालुक्यांतील पळसगांव-आमडोशीचे. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडींतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. बरोबर येण्यास कोणी उरलें नाहीं हें जाणून ते एकटे त्या जागेवर धांवून गेले. हातबाँबनें त्यांनीं बंदूक व ती चालविणारा दोन्ही निकामी केलीं, टॉमीगननें आणखी एकास मारलें, आणि नवीन मॅगझीन चढविण्यास अवसर नाहीं असें पाहून नळी हातांत धरून दस्त्यानें उरलेल्या दोघांस ठार केलें. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनीं त्यांच्या छातींत व पाठींत गोळ्या घातल्या व जिंकलेल्या त्याच जागीं त्यांना मृत्यु आला. वय अवघें बावीस. त्यांची वेगळी समाधि नाहीं; कॅसिनो येथील स्मारकावर नांव आहे, माणगांवीं पुतळा आहे, आणि २०२३ सालीं इटलींतील मोंटोने गांवीं त्यांच्या नांवें छायायंत्राचें स्मारक उभारलें गेलें.

पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव अहमदनगर जिल्ह्यांतील निमजचे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळीं सेनिओ नदीच्या पूरबांधावर हल्ला झाला तेव्हां ते कंपनीचे निरोप्ये म्हणून कंपनी कमांडरबरोबर होते. नदी ओलांडून पलीकडच्या तीरावर येत असतां पूर्वेकडील बांधाच्या आंतल्या अंगास खणलेल्या निदान तीन जर्मन ठाण्यांनीं, म्हणजे पाठीमागूनच, त्यांच्यावर मारा केला. कमांडर व दोघे जखमी झाले. नामदेवांखेरीज बाकीचे मेले. दोन खेपा करून, खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून, त्यांनीं दोन जखमींस बांधापलीकडे पोंचविलें. मग तिसऱ्यांदां येऊन पहिलें ठाणें टॉमीगननें बंद केलें. हातास गोळी लागून टॉमीगन चालविणें अशक्य झालें तेव्हां ती फेंकून दिली व उरलेलीं दोन ठाणीं हातबाँबांनीं मोडलीं. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनीं मागील कंपन्यांस पुढें बोलावलें. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जिवंतपणीं मिळाला. घाडगे यांना मरणोत्तर.

या दोन्ही पराक्रमांचीं सरकारी निवेदनपत्रें छापलेलीं आहेत व मूळ साधन तींच होत. त्यांत मशीनगनचा मारा आहे, उखळी तोफांचा आहे, सुरुंग आहेत, लपलेले नेमबाज आहेत. लाल-हिरव्या रेषांचा उल्लेख एकहि नाहीं. केवळ अनुल्लेखावरून निष्कर्ष काढणें धोक्याचें, हें आम्ही इतरांस नेहमीं सांगत असतों. तेव्हां तो नियम आम्हांसहि लागू आहे. परंतु येथें अनुल्लेखाच्या जोडीस जागेची साक्ष आहे. सेनिओवरील ठाणीं बांधाच्या आंतल्या अंगास दडविलेलीं होतीं. बांधाबाहेरून तीं दिसत नसत, आणि हल्ला करणारे बांध ओलांडून पुढें गेले म्हणजे त्यांच्या पाठीवर मारा करावा, हीच त्यांची योजना. पल्ला नदीच्या रुंदीएवढा. इतक्या जवळ नेम सुधारण्यास मागाची गरज नाहीं, आणि दडून बसलेल्या बंदुकीचा सारा फायदा तिच्या न दिसण्यांत आहे. घाडगे यांच्यावरील माराहि जवळचाच. अशा जागीं पट्ट्यांत ट्रेसर भरणें म्हणजे दबा धरून बसलेल्यानें हातांत मशाल घेण्यासारखें होय.

म्हणून या कथा सांगतांना गोळ्यांच्या रेषांमधून धांवणारा वीर रंगवूं नये, असें आमचें म्हणणें आहे. त्या रेषा वीरास वाट दाखवितात, व वाट दिसत असतां धांवणें कांहींसें सोपें होतें. घाडगे व जाधव यांच्यापुढें तसली वाट नव्हती. शेजारी पडलेल्या सोबत्यांवरून व बंदुकीच्या आवाजावरून ठाणें ताडावयाचें आणि त्याच दिशेनें जावयाचें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. एम्.जी. ४२ चा आवाज इतका सलग कीं त्यांत सुटी गोळी ऐकूं येत नसे, कापड फाटल्याप्रमाणें भासे. त्यावरून दिशा काढणेंहि सोपें नव्हे.

याच्या उलट, प्रकाशाच्या रेषा मराठा शिपायांस आपल्याच बाजूनें पाहावयास मिळण्याचा संभव अधिक. १९४२ च्या अल् अलामेनच्या लढाईपासून ब्रिटिश सेनेंत एक प्रघात पडला होता. रात्रींच्या हल्ल्यांत दोन पलटणींच्या हद्दी चुकूं नयेत म्हणून विमानविरोधी बोफोर्स तोफा डोक्यावरून ठराविक दिशेनें ट्रेसर गोळे सोडीत व शिपाई त्या रेषेच्या आधारानें चालत. आठवणी सांगणाऱ्या कुटुंबांतून ‘आकाशांत लाल माळ चालली होती’ असें कोणी सांगितलें, तर ती माळ शत्रूची कीं आपली, हें आधीं विचारावें.

आतां संग्राहकांस उपयोगी पडेल असें थोडेंसें. काडतूस हा लेखच होय; तो वाचतां आला पाहिजे. जर्मन काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण, कोशाच्या धातूची खूण, गटाचा क्रमांक व वर्षाचे दोन आंकडे ठोकलेले असतात. पूर्वीच्या खुणा पी हें अक्षर व आंकडा अशा, नंतरच्या नुसत्या अक्षरांच्या. धातूच्या जागीं एस् व तारका असल्यास पितळ. एस्-टी असल्यास पोलाद. टोपीभोंवतीं लाखेरी रंगाचें कडें असतें, तें गोळीची जात सांगतें: हिरवें कडें साध्या जड गोळीचें, तांबडें पोलादी गाभ्याच्या गोळीचें, निळें लोखंडी गाभ्याच्या गोळीचें. नेहमींच्या ट्रेसर गोळीस तांबडें कडें असून शिवाय गोळीचें टोंक काळें रंगविलेलें असे. पंधरा काडतुसांच्या पुठ्ठ्याच्या डबीवरील चिठ्ठीवर तर कोश, दारू, गोळी व टोपी या प्रत्येकाचा कारखाना व गट दिलेला असतो. इतकी तपशीलवार तारीख-मिती आमच्या पत्रलेखकांनीं दिली असती तर संशोधकांचीं किती भांडणें मिटलीं असतीं!

येथें एक घोंटाळा वारंवार होतो. ब्रिटिश .३०३ च्या काडतुसावरहि रंगाचें कडें असतें, परंतु त्याची लिपि निराळी. तेथें जांभळें कडें साध्या गोळीचें, हिरवें कवचभेदी गोळीचें, आणि तांबडें ट्रेसरचें; ट्रेसरच्या बुडावर जी हें अक्षरहि असतें. म्हणजे जर्मन तांबडें व ब्रिटिश तांबडें एक नव्हे, आणि हिरव्याचा अर्थ तर अगदींच पालटतो. आपल्याकडे सांपडणारीं काडतुसें बहुधा .३०३ चींच, आणि त्यांतील पुष्कळांवर के व एफ् या अक्षरांची खडकीच्या कारखान्याची खूण असते. त्यांस जर्मन लिपि लावून कोणी वाचूं नये. पोलादी गाभा ओळखण्यास लोहचुंबक लावण्याची पद्धत जर्मन मालावर चालत नाहीं, कारण त्यांच्या साध्या गोळीचेंहि वेष्टण बहुधा मुलामा दिलेल्या पोलादाचें असतें. चुंबक सर्वांसच चिकटतो.

पूर्ण भरलेल्या जर्मन पट्ट्यासंबंधीं विशेष सावधगिरी बाळगावी. चार हिरवीं कडीं व एक काळें टोंक अशा क्रमानें टोंकापासून टोंकापर्यंत नीटनेटका भरलेला पट्टा कोणी दाखविला, तर तो युद्धांतून जसाच्या तसा आला असें सहसा मानूं नये. बखरीच्या नकला करणारा लेखक मूळांतील ओबडधोबड वाक्य आपल्या समजुतीप्रमाणें सरळ करतो व आपण केलेली दुरुस्ती मूळ पाठ म्हणून पुढें चालूं लागते. तसाच हा प्रकार. पट्टा पुन्हां भरतां येतो हें वर सांगितलेंच आहे. कारखान्याचे गट व वर्षें पन्नास काडतुसांत कशीं पसरलीं आहेत तें मांडून पाहावें. एका डबींतील काडतुसें सलग बसलेलीं आढळलीं तर पट्टा एकाच वेळीं भरला गेल्याचा संभव आहे. प्रत्येक काडतूस निराळ्या वर्षाचें निघालें तर तो दुकानांत जुळविलेला समजावा.

काडतूस उघडून मिश्रण पाहण्याचा मोह कोणासहि होऊं नये. ऐंशी वर्षांनंतरहि मॅग्नेशियमचें मिश्रण पेट घेऊं शकतें. शिवाय १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणें जिवंत काडतूस परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. जुनें आहे, आजोबांचें आहे, ही सबब चालत नाहीं. जुन्या पेटींत असें कांहीं निघालें तर तें न हलवितां पोलिसांस कळवावें. तत्पूर्वीं दुरूनच त्याचें छायाचित्र घेतां आलें, बुडावरील ठसा व कड्याचा रंग वाचतां आला, आणि तें कोणत्या पलटणीच्या कोणत्या शिपायाच्या सामानांत होतें हें घरच्या वडील माणसांकडून लिहून घेतां आलें, तर संग्राहकाच्या कामापुरता लेख हातीं आलाच. मराठा पलटणींतील इटलीच्या शिपायांचीं पत्रें, रजेचे दाखले व पदकांच्या चिठ्ठ्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला आमच्याकडे पाठवाव्या. पुढील अंकांत त्या क्रमानें देण्याचा विचार आहे.